एका डोळ्याचा नेमबाज



शिक्षकाच्या पेशांत असतांना मी मुलांकडून एक खेळ करवून घेत असें. दोन हातांत दोन पेन्सिली धरावयाच्या, एक डोळा मिटावयाचा, आणि दोन्ही टोंकें एकमेकांस भिडवावयाचीं. हुशार मुलाचीहि पेन्सिल पुढें नाहीं तर मागें जाई. आपले डोळे एकमेकांपासून सुमारें ६ सेंटिमीटर दूर असल्यामुळें प्रत्येकास तीच वस्तु किंचित् निराळी दिसते. या फरकावरून मेंदू अंतर ठरवितो. एक डोळा मिटला कीं हा आधार गेला.

आतां समुद्राच्या तळाशीं चला. हिंदी व पॅसिफिक महासागरांच्या उष्ण पाण्यांत मोर-मॅन्टिस श्रिम्प नांवाचा, खेकडा-कोळंबीच्या गोतांतला, फार तर वीतभर लांबीचा प्राणी राहतो. खंडोबाच्या किड्याप्रमाणें तो पुढचे पाय दुमडून बसतो. या पायांना जणूं गदाच असतात. त्यांनीं तो शंखशिंपले फोडून खातो. २००४ सालीं अमेरिकन संशोधकांनीं गदेचा वेग मोजला, तो सेकंदाला २३ मीटरांपर्यंत भरला. असा वार म्हणजे धनुष्यांतून सुटलेला बाण. वाटेंत तो सुधारण्यास अवसर नाहीं. अंतर आधींच ठरलें पाहिजे. अंदाज बोटभर चुकला तर सारी शक्ति पाण्यांत वाया जाते, आणि भक्ष्य निसटतें.

नवल असें कीं, त्याचे डोळे देठांवर असून प्रत्येक स्वतंत्रपणें फिरतो. मग दोन चित्रांची जुळणी कशी व्हावी? ती सोय एकाच डोळ्यांत आहे. हा डोळा हजारों बारीक नेत्रिकांचा बनलेला असतो. त्याच्या मध्यावरून सहा ओळींचा पट्टा जातो. पट्ट्यावरील भागांतल्या बऱ्याच नेत्रिका खालीं, तर खालच्या भागांतल्या वर रोखलेल्या असतात. म्हणजे एकच बिंदु वरचा भाग, पट्टा आणि खालचा भाग असे तिघे न्याहाळतात. बिंदु जवळ सरकला कीं तो नेत्रिकांच्या निराळ्या जोडीस दिसूं लागतो. यावरूनच त्यास अंतर कळत असावें, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे.

या वर्गांतील पुष्कळ प्राण्यांच्या डोळ्याच्या देठांतच मज्जातंतूंचीं ठाणीं एकामागून एक असतात. मुख्य मेंदूस वार्ता पोंचण्यापूर्वीं तेथें तिची छाननी होते. अर्जेंटिनाच्या चिखलकिनाऱ्यावरील एका खेकड्याच्या या ठाण्यांत दोन्ही डोळ्यांकडून वार्ता घेणाऱ्या चेतापेशी आढळल्याचें २००४ सालीं प्रसिद्ध झालें. म्हणजे त्याची रीत कांहींशी आपल्यासारखी.

एकदां एका मुलानें डोकें डावी-उजवीकडे हलवीत एका डोळ्यानें पेन्सिली जुळविल्या. लबाडी समजून मी त्याला रागें भरलों. वास्तविक त्यानें एकाच डोळ्यास दोन जागांवरून दोन चित्रें दिलीं होतीं. त्या दिवशीं त्यास शाबासकी द्यावयास हवी होती.