ब्रिटनमधील विखुरलेले पेन्शन एका पडद्यावर. मात्र नाव जुळले तरच

स्विंडन, साउथॉल किंवा लेस्टर येथील गोदामांत, हॉटेलांत आणि शुश्रूषागृहांत काम करणाऱ्या गोमंतकीयांनी दहा-बारा वर्षांत चार-पाच नोकऱ्या बदलणे ही नवलाची गोष्ट नाही. नोकरी बदलली की बहुधा घरही बदलते. मागे राहते ते जुन्या मालकाने उघडलेले पेन्शन खाते. त्याची वार्षिक पत्रे जुन्या पत्त्यावर जात राहतात, नवा भाडेकरू ती टाकून देतो आणि काही वर्षांत असे खाते आपल्या नावावर आहे याचाच विसर पडतो.

ब्रिटनमध्ये २०१२ पासून कामगारांना पेन्शन योजनेत आपोआप सामावून घेण्याचा कायदा टप्प्याटप्प्याने लागू झाला. बावीस वर्षे पूर्ण झालेल्या आणि वर्षाला १० हजार पौंडांहून अधिक मिळवणाऱ्या कामगाराचे खाते मालकाने उघडलेच पाहिजे. वेतनाच्या ठरावीक पट्ट्यावर किमान ८ टक्के रक्कम त्यात जमा होते. त्यातील किमान ३ टक्के मालकाचे असतात. योजना चांगली आहे, पण प्रत्येक मालकाची पेन्शन संस्था वेगळी असल्याने प्रत्येक नोकरीमागे एक नवे खाते तयार होते. पेन्शन्स पॉलिसी इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेच्या २०२४ मधील अंदाजानुसार ब्रिटनमध्ये अशी सुमारे ३३ लाख खाती मालकांपासून तुटलेली असून त्यांत ३१.१ अब्ज पौंड पडून आहेत.

या विस्कळीतपणावर तेथील सरकारने योजलेला उपाय म्हणजे ‘पेन्शन डॅशबोर्ड’. एकदा ओळख पटवली की सरकारी पेन्शनसह सर्व खाती एकाच पडद्यावर दिसावीत, ही त्यामागील कल्पना. तिची घोषणा २०१६ च्या अर्थसंकल्पात झाली आणि २०१९ पर्यंत ती प्रत्यक्षात येईल असे सांगण्यात आले. प्रत्यक्षात कायदा २०२१ मध्ये, नियम २०२२ मध्ये आले. २०२३ मध्ये सारे वेळापत्रक नव्याने आखावे लागले आणि पेन्शन योजनांना या व्यवस्थेशी जोडून घेण्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२६ ही अंतिम मुदत ठरली. मोठ्या योजनांची जोडणी एप्रिल २०२५ पासून सुरू झाली.

डेन्मार्कमध्ये अशी सोय १९९९ पासून आहे, स्वीडनमध्ये २००४ पासून, नेदरलँड्समध्ये २०११ पासून. मग ब्रिटनसारख्या देशाला इतका विलंब का व्हावा? या तिन्ही देशांत प्रत्येक रहिवाशाला एकच ओळख क्रमांक असतो आणि बँकेपासून पेन्शन संस्थेपर्यंत तोच सर्वत्र चालतो. ब्रिटनमध्ये तसा सार्वत्रिक क्रमांक नाही. नॅशनल इन्शुरन्स क्रमांक आहे, पण तो ओळखीचा पुरावा मानला जात नाही. शिवाय जोडायच्या योजना हजारोंच्या संख्येने आहेत आणि त्यांतील काहींच्या नोंदी अनेक दशकांपूर्वीच्या, कागदावरून संगणकावर उतरवलेल्या आहेत.

बहुतेकांची समजूत अशी असते, की सरकारने सर्वांच्या पेन्शनची माहिती एका महाकाय कोठारात साठवली आहे. तसे कोठार मुळी नाहीच. पेन्शनदार आपली ओळख पटवून संमती देतो. त्यानंतर एक शोधक सेवा त्याचे नाव, जन्मतारीख, नॅशनल इन्शुरन्स क्रमांक आणि पत्ता जोडलेल्या सर्व योजनांकडे पाठवते. जणू गावात दवंडी पिटली जाते : या नावाचा, या तारखेला जन्मलेला माणूस तुमच्या वहीत आहे काय? ज्या योजनेला नोंद सापडते ती होकार कळवते आणि आकडे थेट त्या योजनेकडून पडद्यावर येतात. नोंद अर्धवट जुळली तर ‘संभाव्य जुळणी’ एवढेच कळवले जाते. मग पेन्शनदाराने स्वतः त्या योजनेशी संपर्क साधून खात्री पटवायची असते. नोंद जुळलीच नाही तर पडद्यावर काहीच उमटत नाही, आणि धोका नेमका येथे आहे. रिकामा पडदा पाहून माणूस आपले खाते नाही असे समजतो. वस्तुतः ते असते, केवळ दुसऱ्या नावाने.

गोमंतकीयांच्या बाबतीत हा धोका अंमळ जास्तच आहे. पोर्तुगीज राष्ट्रीयत्वाच्या वाटेने ब्रिटनला गेलेल्यांच्या कागदपत्रांत एकाच घराण्याची नावे दोन-तीन रूपांत आढळतात. जुन्या नोंदवहीतला ‘सिनाय’ शाळेच्या दाखल्यावर ‘शेणवी’ असतो, ‘पोरोब’ हा ‘प्रभू’ होतो, ‘कामोतीं’ हा ‘कामत’. वडिलांचे नाव मधे लिहिण्याची आपली रीत ब्रिटिश अर्जांच्या रकान्यांत बसत नाही. कधी ते गळते, तर कधी तेच आडनाव होऊन बसते. लग्नानंतर आडनावाबरोबर नावही बदललेल्या स्त्रियांची अडचण आणखी मोठी. नॅशनल इन्शुरन्स क्रमांक हाती येण्यापूर्वीच कामावर रुजू झालेल्यांच्या पहिल्या खात्यात तो क्रमांक नंतर नोंदवला गेला की नाही, हेही तपासलेले बरे. जुन्या वेतनचिठ्ठ्या त्यासाठीच जपून ठेवायच्या असतात, कारण पेन्शनची कपात आणि मालकाचे अधिकृत नाव त्यांवर छापलेले असते. योजनेचे नाव आठवत नसेल तर मालकाच्या नावावरून ती शोधून देणारी ‘पेन्शन ट्रेसिंग सर्व्हिस’ ही सरकारी सेवा विनामूल्य आहे. या कामासाठी पैसे मागणाऱ्या मध्यस्थांपासून दूर राहावे.

पडद्यावर आलेला आकडाही डोळसपणे वाचावा लागतो. आधीच सुरू झालेले पेन्शन डॅशबोर्ड दाखवत नाही, आणि खात्यातून पैसे काढण्याची किंवा हलवण्याची सोय त्यावर नाही. सरकारी पेन्शन मिळण्यासाठी किमान १० वर्षांची पात्र नोंद लागते, नव्या पद्धतीनुसार पूर्ण पेन्शनसाठी साधारणतः ३५ वर्षांची. गोव्यात परतून उर्वरित आयुष्य काढू इच्छिणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी : ब्रिटिश सरकारी पेन्शन भारतातही मिळते, परंतु येथे राहणाऱ्यांना त्यातील वार्षिक वाढ दिली जात नाही. ज्या रकमेवर ते सुरू होते तिथेच ते गोठते. पोर्तुगालमध्ये स्थायिक होणाऱ्याला मात्र ही वाढ मिळते.

भारतात सर्व पेन्शन एकत्र दाखवणारा असा पडदा अजून नाही. भविष्य निर्वाह निधी आणि त्यासोबतची कर्मचारी पेन्शन योजना यूएएन क्रमांकावर दिसते. राष्ट्रीय पेन्शन योजना आणि अटल पेन्शन योजना प्रान क्रमांकावर. सरकारी सेवेतील पेन्शनची वाट निराळी. रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने चालणारी, २०२१ पासून प्रत्यक्षात आलेली ‘अकाउंट ॲग्रिगेटर’ व्यवस्था ब्रिटिश डॅशबोर्डच्याच तत्त्वावर उभी आहे : माहिती साठवायची नाही, खातेदाराच्या संमतीने ती फक्त इकडून तिकडे पोहोचवायची. पायाभूत यंत्रणा आहे, आणि ब्रिटनकडे नसलेला आधार क्रमांकही आहे. अडते ते पुन्हा नावापाशीच. भविष्य निधीच्या नोंदीतील नाव किंवा जन्मतारीख आधारशी जुळत नसल्याने दावे खोळंबतात. जानेवारी २०२५ पासून, १ ऑक्टोबर २०१७ नंतर मिळालेला आणि आधारशी पडताळलेला यूएएन असलेल्यांना ही दुरुस्ती मालकाच्या संमतीवाचून ऑनलाइन करता येते. त्याआधीच्या क्रमांकांसाठी मात्र मालकाची वाट पाहावी लागते. कारखाना बंद पडला असेल तर ही वाट लांबते.

दोन्ही देशांत काम केलेल्यांसाठी तर कोणताच पडदा पुरा नाही. वेर्णा औद्योगिक वसाहतीत सहा वर्षे आणि स्विंडनमध्ये नऊ वर्षे नोकरी केलेल्या कामगाराची सेवा पंधरा वर्षांची होत नाही. भारताचा पोर्तुगालशी सामाजिक सुरक्षा करार २०१७ पासून लागू आहे, पण ब्रिटनशी सेवाकाळ एकत्र मोजणारा करार नाही. कर्मचारी पेन्शन योजनेलाही १० वर्षांची अट आहे, ब्रिटिश सरकारी पेन्शनलाही १० वर्षांची. हा कामगार दोन्हीकडे उंबरठ्याच्या अलीकडे राहतो. ब्रिटनमधील उणीव स्वेच्छेने अंशदान भरून काढण्याची तरतूद काही अटींवर आहे. येथील सहा वर्षांसाठी परदेशी जाताना दोन पर्याय असतात : पेन्शन योजनेतील रक्कम काढून घेणे, किंवा ती न काढता भविष्य निधी कार्यालयाकडून ‘स्कीम सर्टिफिकेट’ घेणे. रक्कम काढली की ती सहा वर्षे संपली. प्रमाणपत्र घेतले, तर परतल्यावर योजनेखालील नोकरी मिळताच पुढची वर्षे त्या सहांत मिळवली जातात.