हातात एक्का आला की जोर का करायचा नाही? पोकरमधल्या एक्का-सत्तीची गोष्ट

दिवाळीत तीन पत्ती खेळलेल्या माणसाला एक्क्याचं कौतुक असतंच, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. तीन पत्तीत एकूण 22,100 प्रकारचे हात पडू शकतात. त्यातल्या 16,440 हातांत जोडी, रंग, सिक्वेन्स असं काहीच नसतं. म्हणजे शंभरातल्या 74 हातांची किंमत फक्त सगळ्यात मोठ्या पानावर ठरते. अशा खेळात एक्का भाव खाणारच.

हीच सवय घेऊन माणूस पोकरच्या टेबलवर बसतो आणि तिथे घोळ होतो.

पोकरचा सगळ्यात जास्त खेळला जाणारा प्रकार म्हणजे टेक्सास होल्डेम. त्यात दोन पानं हातात, पाच पानं टेबलवर उघडी, आणि या सातांतली सगळ्यात चांगली पाच पानं म्हणजे तुमचा हात. सात पानांत काहीच न जुळण्याची शक्यता फक्त 17 टक्क्यांच्या आसपास असते. त्यामुळे नुसत्या एक्क्यावर डाव क्वचितच निघतो. एक्क्याची जोडी तरी लागायला हवी.

आता समजा हातात इस्पिक एक्का आणि बदाम सत्ती आहे. टेबलवरची पहिली तीन पानं, म्हणजे फ्लॉप, उघडली : एक्का, नव्वी, पंजी. जोडी लागली! असं होण्याची शक्यताही साधारण 17 टक्केच, त्यामुळे आनंद होणं साहजिक आहे. पण खरा तोटा इथेच होतो.

मोठी रक्कम लावली की ज्यांच्याकडे काहीच नाही ते पानं टाकून देतात. थांबतो कोण? बहुतेक वेळा ज्याच्याकडे एक्का-राजा किंवा एक्का-राणी आहे तो. जोडी दोघांची सारखीच, पण सोबतचं पान, ज्याला किकर म्हणतात, त्याचं मोठं. म्हणजे हा हात जिंकतो तेव्हा थोडे पैसे मिळतात आणि हरतो तेव्हा भरपूर जातात.

बरं, दुसऱ्याकडे एक्का असणं दुर्मीळही नाही. नऊ जणांच्या टेबलवर तुमच्याकडे एक एक्का असेल, तर बाकी आठांपैकी कुणाकडे तरी आणखी एक्का असण्याची शक्यता जवळपास 70 टक्के असते. समोर एक्का-राजा असेल तर एक्का-सत्ती साधारण चारातून एकदाच वाचते.

म्हणून भरलेल्या टेबलवर आधी बोलायची पाळी असेल तर मुरलेले खेळाडू हा हात टाकून देतात. दोघांतच डाव असेल तर गणित बदलतं. कुठल्याही दोन पानांविरुद्ध एक्का-सत्ती तिथे साधारण 59 टक्के वेळा पुढे राहते.

'पण दोन्ही पानं एकाच रंगाची आहेत की!' हेही टेबलवर नेहमी ऐकू येतं. फ्लॉपवरच रंग पूर्ण होण्याची शक्यता 1 टक्क्याहून कमी असते.