गाणे, हसणे आणि दिवसाचा ताण

केळवे म्हटले की शहरातील माणसाच्या डोळ्यांसमोर सुरूचे बन, शितळादेवीचे मंदिर आणि रविवारची गर्दी उभी राहते. ताण घालविण्यासाठी लोक ज्या गावी येतात, त्या गावच्या माणसांना ताण कसला, असा प्रश्न पाहुण्याला पडला तर नवल नाही. परंतु या गावाचा दिवस घड्याळाने बांधलेला आहे. बागायतदाराला पाण्याची आणि बाजाराची वेळ सांभाळावी लागते, मच्छिमाराला भरती-ओहोटीची, आणि नोकरदाराला केळवे रोड स्थानकावर येणाऱ्या गाडीची. उत्तरेस पालघर आणि उमरोळी ओलांडले की बोईसर येते. तेथील औद्योगिक वसाहतीतील अनेक कारखाने पाळ्यांवर चालतात. तारापूरच्या अणुविद्युत केंद्रातून १९६९ पासून वीज निर्माण होत आहे. अहोरात्र चालणाऱ्या उद्योगाला अहोरात्र जागणारी माणसे लागतात, आणि त्यांच्या झोपेचा हिशोब कोणत्याही उत्पादनाच्या तक्त्यात येत नाही. मच्छिमारांची गोष्ट आणखी निराळी. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारीची बंदी असते. ती माशांच्या प्रजननासाठी आवश्यकच आहे. पण त्या दोन महिन्यांत होडी किनाऱ्यावर असते आणि घरखर्च मात्र थांबत नाही.

दैनंदिन ताणावर संगीत आणि विनोद यांचा उतारा कितपत चालतो, हा या लेखाचा विषय आहे. करमणुकीला औषध म्हणण्याची आजकाल प्रथाच पडली आहे. त्यात किती तथ्य आहे आणि ते कोणत्या अटींवर आहे, हे ग्रामपंचायतीचे सदस्य, शिक्षक आणि अधिकारी यांनी समजून घेणे अगत्याचे आहे. कारण या अटी पुष्कळशा गावाच्याच हातात आहेत.

श्वासाची लय

ताण ही मुळात शरीराने केलेली तयारी होय. संकट समोर दिसताच मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथी आपले स्राव रक्तात सोडतात, नाडी जलद होते, रक्तदाब वाढतो, स्नायू आवळले जातात. संकट टळले की सारे पूर्ववत व्हावे, अशी निसर्गाची योजना आहे. गाडी चुकेल ही भीती गाडी मिळताच जाते. परंतु कर्जाचा हप्ता, वरिष्ठांचे बोलणे, मुलाचा निकाल ही संकटे डब्यात आपल्याबरोबर बसतात आणि घरीही येतात. तयारी उतरतच नाही. संगीताचा उपयोग होतो तो येथे.

इटलीतील वैद्यक संशोधक लुचियानो बर्नार्डी आणि त्यांचे सहकारी यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरनिराळ्या प्रकारचे संगीत ऐकणाऱ्यांचा श्वास, नाडी व रक्तदाब मोजला. जलद लयीने ही तिन्ही वाढली. संगीताच्या प्रकारापेक्षा लय अधिक महत्त्वाची ठरली. सर्वांत लक्षणीय गोष्ट अशी की दोन तुकड्यांच्या मध्ये दोन मिनिटांची शांतता ठेवली असता ऐकणाऱ्यांना जो विसावा मिळाला, तो प्रयोगाच्या आरंभीच्या स्थितीपेक्षाही अधिक होता. म्हणजे गाणे जितके उपकारक, तितकीच त्यानंतरची शांतता. सकाळपासून रात्रीपर्यंत घरात रेडिओ किंवा भ्रमणध्वनी वाजत ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. कानावर सतत पडणारा आवाज, मग तो कितीही सुरेल असो, पुढे नुसता आवाजच उरतो.

याच संशोधकांनी २००१ मध्ये जपमाळेवरील ख्रिस्ती प्रार्थना आणि योगमंत्र यांचे पठण तपासले होते. दोहोंमुळे श्वास मिनिटाला सुमारे सहापर्यंत संथ झाला. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण बारा ते वीस वेळा श्वास घेतो. लांब ओळ म्हणावयाची तर श्वास पुरवून पुरवून सोडावा लागतो, आणि सावकाश सोडलेल्या श्वासाबरोबर नाडीही खाली येते. आपल्या भजनी मंडळांतून पिढ्यान् पिढ्या हेच घडत आले आहे. तेथे हेतू भक्तीचा. आरोग्याचा लाभ अनायासे पदरात पडतो. मात्र तो गाणाऱ्याला अधिक मिळतो. ध्वनिवर्धकावर लावलेली भजनाची ध्वनिमुद्रिका ऐकत ओट्यावर बसणाऱ्याच्या श्वासाला असा व्यायाम घडत नाही.

या जिल्ह्याजवळ आणखी एक ठेवा आहे. वाळलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा कर्णा यांचा तारपा भाताच्या कापणीनंतरच्या दिवसांत वारली पाड्यांवर वाजू लागतो. वादक मध्ये, आणि एकमेकांच्या कमरेला हात घालून नाचणाऱ्यांची साखळी त्याच्याभोवती. वादक जिकडे वळेल तिकडे साखळी वळते. जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या वारली चित्रकारांमुळे हे वर्तुळ जगभर पोहोचले. जव्हार तालुक्यातील तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, हे जिल्ह्याला भूषणावह आहे. परंतु तारपा म्हणजे केवळ शासकीय समारंभात पाहुण्यांच्या स्वागतासाठी बोलवावयाचे पथक नव्हे, हेही सांगितले पाहिजे. वर्षाचे कष्ट संपल्यावर सर्व पाड्याने एका लयीत पावले टाकण्याची ती रीत आहे, आणि त्या नाचात प्रेक्षक असा कोणी नसतो.

नोकरदारांनी हीच रीत गाडीच्या डब्यात नेली. पश्चिम रेल्वेच्या उपनगरी गाड्यांतील भजनी मंडळे सर्वपरिचित आहेत. २०१३ मध्ये ही उपनगरी सेवा विरारपासून डहाणूपर्यंत आली. या भजनांविषयी तक्रारीही होतात, आणि त्या अगदीच निराधार नाहीत. रात्रपाळी करून परतणाऱ्याला टाळांचा ठेका हा विरंगुळा वाटेलच असे नाही. त्याला थोडी डुलकी हवी असते.

हशाची सोबत

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्याच्या पहिल्या दशकातच ‘चिमणराव’ या मालिकेने मराठी घरांत हशा नेला. चिं. वि. जोशी हे बडोद्याचे पाली भाषेचे विद्वान. त्यांनी निर्माण केलेल्या चिमणराव आणि गुंड्याभाऊ या जोडीला दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांनी पडद्यावर रूप दिले. त्याआधी आकाशवाणीवरील टेकाडे भावजी, मीनावहिनी आणि पंत यांनी श्रोत्यांच्या संसारातील कुरबुरी त्यांनाच हसत ऐकविल्या होत्या. अलीकडच्या काळात २०१४ मध्ये आलेल्या ‘चला हवा येऊ द्या’ने आणि २०१८ मध्ये आलेल्या ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ने ती जागा घेतली. काळ बदलला तरी उत्तम कार्यक्रमाचे मर्म एकच राहिले. चिमणरावावर जे प्रसंग येतात ते आपल्यावरही येतात. फरक इतकाच की त्याच्यावर आलेले आपण खुर्चीत बसून पाहतो. आपलीच अडचण हातभर अंतरावरून दिसली की तिचा आकार लहान होतो.

हसण्याविषयीचे शास्त्र मात्र विनोदापेक्षा सोबतीवर अधिक भर देते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांना असे आढळले की, जवळ दूरदर्शन वा पुस्तकासारखे साधन नसताना, माणूस एकटा असण्यापेक्षा चारचौघांत सुमारे तीसपट अधिक हसतो. आणि बहुतेक हशा विनोदावर नव्हे तर अगदी साध्या बोलण्यावर उमटतो. ऑक्सफर्डचे रॉबिन डनबार यांनी सहकाऱ्यांसह २०११ मध्ये दाखविले की विनोदी दृश्ये पाहून मनापासून हसलेल्या लोकांची वेदना सोसण्याची मर्यादा वाढते. शरीरातच तयार होणारी वेदनाशामक द्रव्ये त्यामागे असावीत, असे त्यांचे अनुमान आहे. दूरदर्शनवरील विनोदी कार्यक्रमांत पार्श्वभूमीवर हशा का ऐकू येतो, याचा उलगडा येथे होतो. अमेरिकेत १९५० पासून ध्वनिमुद्रित हसू जोडण्याची प्रथा पडली. एकट्या प्रेक्षकाला सोबतीचा भास व्हावा म्हणून.

मुंबईचे डॉ. मदन कटारिया यांचा अनुभव याच दिशेने जातो. १३ मार्च १९९५ रोजी त्यांनी अंधेरीतील लोखंडवाला संकुलाच्या उद्यानात पाच जणांचे पहिले हास्यमंडळ सुरू केले. रोज सकाळी एकाने विनोद सांगावयाचा आणि सर्वांनी हसावयाचे, असा क्रम होता. दोनेक आठवड्यांत चांगले विनोद संपले आणि जे उरले ते कोणाला तरी लागू लागले. तेव्हा डॉक्टरांनी विनोदच वगळला. श्वासाचे व्यायाम, टाळ्या आणि मुद्दाम आणलेले हसू एवढ्यावर मंडळ चालविले. मुद्दाम आणलेले हसू एकमेकांकडे पाहता पाहता खरे होऊ लागले. पुढे ही पद्धत अनेक देशांत गेली.

उरलेले विनोद कोणाला तरी लागू लागले, ही गोष्ट शिक्षकांनी विशेष लक्षात ठेवावी. आपल्या दूरदर्शनवरील विनोदाचा एक भाग अजूनही माणसाच्या जाडेपणावर, वर्णावर, बायकी चालण्यावर किंवा बोलीवर उभा असतो. रात्री घरात पिकलेला हा हशा सकाळी वर्गात येतो. मांगेली, वाडवळी किंवा वारली बोली घरून घेऊन आलेल्या मुलाच्या उच्चारावर सारा वर्ग हसला, तर वर्गाचा ताण हलका होतो आणि त्या एका मुलाचा वाढतो. असा विनोद करमणूक या सदरात मोडत नाही, असे आमचे मत आहे.

गावाने करावयाचे

१९५६ मध्ये पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत ग्रामीण श्रोता मंडळांचा प्रयोग केला. गावकऱ्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकावयाचा, त्यावर चर्चा करावयाची आणि मग कृतीकडे वळावयाचे, अशी योजना होती. विषय शेतीचे आणि आरोग्याचे असत. परंतु एकत्र बसणे हाच त्यातील जीव होता. पुढे दूरदर्शनच्या आरंभीच्या काळात ज्याच्या घरी संच, त्याच्या ओटीवर सारी आळी जमत असे. आज प्रत्येकाच्या खिशात पडदा आला आहे आणि एकाच घरात चौघे चार कोपऱ्यांत निरनिराळ्या गोष्टींवर हसतात. आठवड्यातून एक संध्याकाळ समाजमंदिरात वा वाचनालयात भजन, जुनी गाणी किंवा एखादा निवडक विनोदी कार्यक्रम एकत्र ऐकण्या-पाहण्याची सोय करणे पंचायतीला जड नाही. मासेमारी बंदीचे दोन महिने तर अशा उपक्रमास सर्वथैव योग्य. वेळ ठरविताना स्त्रियांना विचारावे. संध्याकाळी सातची वेळ पुरुषांच्या सोयीची असते, त्या वेळी चूल पेटलेली असते.

एकाचा विरंगुळा दुसऱ्याची झोप मोडणार नाही, ही जबाबदारीही पंचायतीकडे येते. ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास, ठराविक सवलतीचे दिवस वगळता, मनाई आहे. पण तिसऱ्या पाळीचा कामगार झोपतो तो सकाळी नऊनंतर, आणि त्याच्यासाठी असा कोणताही नियम नाही. शेजाऱ्याने दूरदर्शन संचाचा आवाज कमी करणे एवढाच त्यावर उपाय. खुद्द या कामगारानेही घरी आल्यावर अंथरुणात पडून भ्रमणध्वनीवर तासभर विनोद पाहू नये. पडद्याच्या प्रकाशाने झोप लांबते. त्या वेळी पाहण्यापेक्षा ऐकणे बरे: मंद आवाजात, संथ लयीचे, आणि पंधरा-वीस मिनिटांनी बंद होणारे.

हे सारे दैनंदिन शिणापुरते. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली असेल, आवडीच्या गाण्यातही मन रमत नसेल, दारूचे प्रमाण वाढले असेल किंवा जगणे नको असे शब्द कोणाच्या तोंडून निघत असतील, तर त्याला विनोद ऐकविण्यात वेळ दवडू नये आणि भजनाला बसविण्याचा आग्रहही धरू नये. हा आजार असू शकतो व त्यावर उपचार आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटावे. केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक निःशुल्क आहे, दिवसरात्र चालू असतो आणि तेथे मराठीत बोलता येते. ग्रामपंचायतीच्या फलकावर, शाळेच्या व्हरांड्यात आणि बंदरावरील मच्छिमार सोसायटीच्या भिंतीवर तो मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.