तोवरचं घर

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली दुपार. ओपीडी आवरत आली होती. तेवढ्यात एका आजींना बाजेसकट उचलून आणलं. उजवा पाय आखूड दिसत होता आणि बाहेरच्या बाजूला वळला होता. एक्स-रे काढण्याआधीच खुब्याचं हाड मोडल्याचं कळत होतं.

"न्हाणीत पडली साहेब," मुलगा म्हणाला.

न्हाणी म्हणजे तीन पत्रे, चौथ्या बाजूला जुनी साडी आणि पायाखाली पाडलेल्या घरातून काढलेली एक शहाबादी फरशी. ती फरशी डुगडुगते हे घरात सगळ्यांना माहीत होतं. "घरकुलात पक्की न्हाणी बांधणारच होतो. आठ-पंधरा दिवसांसाठी कशाला खर्च करा, म्हणून तसंच चालवलं." त्या आठ-पंधरा दिवसांचे तोवर चौदा महिने झाले होते.

मोताळा तालुक्यात हे चित्र आता गावोगाव दिसतं. प्रधानमंत्री आवास योजनेचा ग्रामीण भाग २०१६ मध्ये सुरू झाला. सपाट भागात एका घराला १ लाख २० हजार रुपये आणि स्वयंपाकाच्या जागेसह किमान २५ चौरस मीटरचं घर, असा त्याचा हिशेब. रक्कम बांधकामाच्या टप्प्यांनुसार हप्त्यांनी मिळते. जागा तीच असल्याने जुनं धाब्याचं किंवा कुडाचं घर आधी पाडावं लागतं. मग कुटुंब शेजारी पत्र्याची खोली ठोकतं किंवा गुरांच्या कोठ्यात बाजा टाकतं आणि हप्ता, रेती, गवंडी, पाऊस या चौघांची वाट बघत बसतं. घरकुलच कशाला, स्वतःच्या पैशाने स्लॅबचं घर काढणारे नोकरदारही याच चक्रात सापडतात. गंमत अशी की पाडलेलं धाबं जाड मातीचं असल्याने उन्हाळ्यात थंड असायचं. म्हणजे चांगल्या घराकडे जाताना माणूस मधले एक-दोन उन्हाळे आधीपेक्षा वाईट घरात काढतो.

या मधल्या काळातलं आजारपण डॉक्टर म्हणून मी जवळून बघतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये घर आणि आरोग्य यांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. घरातली उष्णता, दाटी, पडण्या-झडण्याचे धोके हे विषय त्यात आहेत. पण त्यातलं घर म्हणजे उभं राहिलेलं घर. आपल्याकडे धोका जास्त आहे तो 'तोवरच्या' घरात, आणि त्यावर कोणी पैसा घालायला तयार नसतं, कारण ते पुढे मोडायचंच असतं.

आजींच्या न्हाणीपासूनच सुरुवात करू. साठी-सत्तरीनंतर खुबा मोडणं ही साधी गोष्ट नाही. अंथरुणाला खिळलं की पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात. असे रुग्ण वर्षाच्या आत दगावण्याचं प्रमाण जगभरच्या नोंदींत पाचात एक किंवा त्याहून जास्त आहे. यावर एक साधा उपाय अगदी शास्त्रीय कसोटीवर तपासला गेला आहे. न्यूझीलंडच्या तारानाकी भागात संशोधकांनी ८४२ घरं निवडली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची दोन गटांत विभागणी केली. एका गटातल्या घरांत फक्त किरकोळ कामं केली : पायऱ्यांना कठडा, न्हाणीघरात आणि संडासात धरायला दांडी, बाहेर पुरेसा उजेड, पायऱ्यांच्या कडा ठळक करणं, निसरड्या जागी खडबडीत थर. दुसऱ्या गटाला ही कामं नंतर करून दिली. पहिल्या गटात घरात पडून होणाऱ्या दुखापती २६ टक्क्यांनी कमी भरल्या. हा अभ्यास २०१५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. त्यात ना नवं घर होतं, ना औषध.

आपल्याकडे यासाठी लागणारं सामान बांधकामावरच पडलेलं असतं. न्हाणीतली फरशी उचलायची, खाली मुरूम ठोकून घट्ट बसवायची, पाणी एका बाजूला वाहील इतपत उतार द्यायचा. शेजारी दीड-दोन फूट खोल खड्डा करून एक मजबूत बल्ली रोवायची आणि कमरेच्या उंचीला धरायला आडवी दांडी बांधायची. दांडी पत्र्याच्या भिंतीला कधीही बांधू नये, भार पडला की भिंतच अंगावर येते. बसून अंघोळीला ठोकळ्यासारखा दगड असतो, त्याऐवजी न डगमगणारं उंच स्टूल ठेवावं. रात्री न्हाणीकडे जायच्या वाटेवर एक दिवा लावावा. आणि त्या वाटेवरच्या विटा, सळयांची टोकं, दोऱ्या दिवस मावळायच्या आत बाजूला कराव्यात. म्हातारी माणसं रात्री लघवीला उठल्यावरही पडतात.

आता ऊन. राजूर घाट उतरून मोताळ्याकडे आलं की घाटावरचा बुलढाण्याचा वारा मागे राहतो. घाटाखाली मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जाणं नवलाचं नाही, आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त तापतं. असं का होतं? चकचकीत पत्रा बराचसा सूर्यप्रकाश परत पाठवतो हे खरं, पण जी उष्णता त्याने शोषली ती आकाशाकडे परत सोडण्यात तो फार कंजूष असतो. गंज चढला की प्रकाश परत पाठवणंही संपतं. मग ती धग खाली झोपलेल्या माणसाच्या अंगावर उतरते. पांढरा रंग दोन्ही कामं करतो. ऊन परत पाठवतो आणि साठलेली उष्णताही सोडून देतो. २०१० च्या भीषण उन्हाळ्यानंतर अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेचा आराखडा केला आणि २०१७ पासून वस्त्यांतली छपरं पांढरी करायला सुरुवात केली. अशा छपराखाली खोलीचं तापमान २ ते ५ अंशांनी उतरतं, असा तिथला हिशेब सांगितला जातो. आकडा छोटा वाटेल. पण तापलेल्या खोलीत रात्रभर शरीर थंड होऊ न शकणं हेच म्हाताऱ्यांच्या आणि तान्ह्यांच्या उष्माघाताचं एक मोठं कारण आहे.

चुना स्लॅबवर आणि सिमेंटच्या पत्र्यावर बरा टिकतो. लोखंडी पत्र्यावर त्याचे पापुद्रे निघतात, तिथे बाहेरच्या कामाचा पांढरा रंग जास्त पुरतो. चुना पावसाने धुऊन जातो, म्हणून दर वर्षी मार्चच्या शेवटी पुन्हा लावावा लागतो. एक विनंती आहे. रंगवायला पत्र्यावर चढू नका. सिमेंटचा पत्रा पायाखाली फुटतो, लोखंडी पत्रा सरकतो, आणि अशा पडण्यातून पाठीचा कणा मोडलेले तरुण मी पाहिले आहेत. खोली ठोकायच्या आधी पत्रे जमिनीवर असतानाच रंगवून घ्यावेत, यात कष्टही कमी. कळीचा चुना भिजवताना उकळतो, तेव्हा लेकरांना लांब ठेवा. चुन्याचा शिंतोडा डोळ्यात गेला तर चोळत बसू नका, तूप-मध घालू नका. लगेच वाहत्या पाण्याने पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवा आणि तसेच दवाखान्यात या. चुन्याने बुबुळ कायमचं पांढरं होऊ शकतं.

रंगाचा खर्च झेपत नसेल तर पत्र्याच्या खाली हातभर अंतर सोडून जुन्या सुती चादरींचा चांदवा ताणून बांधावा. पत्र्याची धग तो अडवतो. तुराट्या किंवा पऱ्हाटी पत्र्यावर टाकायची पद्धत जुनी आहे, थंडावाही चांगला मिळतो, पण खाली चूल आणि कडेला उघडी वायर असेल तर माझा त्याला विरोध आहे. पंख्याबद्दलही लोकांचा गैरसमज असतो. खोलीतली हवा चाळीस अंशांच्या पुढे गेली की नुसता पंखा अंगावर गरम झोत मारतो. अंग ओल्या कपड्याने पुसत राहिलं तरच त्याचा उपयोग.

या सगळ्यात मला सर्वात जास्त भीती विजेची वाटते. पत्र्याच्या खोलीत वीज येते ती पाडलेल्या घराच्या मीटरवरून किंवा शेजाऱ्याकडून, एका वायरवर. ती वायर पत्र्याच्या धारदार कडेवरून आत घेतलेली असते. वाऱ्याने पत्रा हलतो, वायरचं आवरण कापलं जातं आणि अख्खी खोलीच करंट मारू लागते. त्याच पत्र्याला कपडे वाळत घालायची लोखंडी तार बांधलेली असते आणि पावसात ओले कपडे घेऊन बाई तिथे येते. तार आजच काढून नायलॉनची दोरी बांधा. वायर जिथून आत येते तिथे प्लास्टिकच्या पाइपाचा तुकडा बसवा, पण आधी मेन बंद करा. लोखंडी कुलरमध्ये पाणी भरताना नुसतं बटण बंद करू नका, प्लग काढा. या पलीकडची कामं, म्हणजे अर्थिंग आणि आरसीसीबी बसवणं, ही घरी करायची नाहीत. वायरमनला बोलवावं. आरसीसीबी हा विजेची गळती ओळखणारा स्विच आहे. घरासाठी ३० मिलिअँपिअरचा घेतात. गळती तेवढी झाली की डोळ्याचं पातं लवायच्या आत तो पुरवठा तोडतो. साधा फ्यूज हे करत नाही. हा स्विच पुढे नव्या घरातही काढून बसवता येतो, तेव्हा 'वाया जाईल' ही सबब इथे चालत नाही.

बांधकामाचं सामान कुठे रचलंय याकडे सहसा कोणी बघत नाही. विटांची चळत, लाकडं, जळणाची पऱ्हाटी हे सगळं बहुतेक वेळा झोपायच्या खोलीला टेकून असतं. त्यात उंदीर येतात, उंदरांमागे साप येतात, विंचू तर विटांमध्येच राहतो. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. बऱ्याचदा दुखतही नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, आणि घरच्यांना वाटतं अपचन झालं. अशा रुग्णाला ताबडतोब १०८ बोलावून दवाखान्यात आणावं. सामानाचा ढीग अंगणाच्या दुसऱ्या टोकाला न्या, बाजेवर झोपा, आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. मच्छरदाणीने सर्पदंशही टळतो, हे नेपाळच्या तराईतल्या २००७ च्या अभ्यासात दिसलं आहे. विंचवाच्या बाबतीत महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनचा उपचार दाखवून दिला आणि तेव्हापासून मृत्यू खूप घटले. तरी विटा उचलताना हातमोजे घालायला पैसे फारसे लागत नाहीत.

बांधकामासाठी भरलेले ड्रम आणि हौद हे डेंगीच्या डासाचं आवडतं घर. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात आणि अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडी असतानाही कित्येक महिने जगतात. त्यामुळे पाणी ओतून देणं पुरत नाही, आठवड्यातून एकदा आतली कड घासावी लागते. जो हौद रिकामा करणं परवडत नाही, त्याला जुनी ओढणी घट्ट बांधावी. आणि संडासासाठी खोदून ठेवलेला शोषखड्डा, कॉलमचे खड्डे पावसाळ्याआधी पत्रा आणि दगड ठेवून झाका. रांगतं पोर बुडायला हातभर पाणी पुरतं. आवाजही होत नाही.

मातीच्या जमिनीबद्दल एक उदाहरण मेक्सिकोचं आहे. तिथल्या कोआविला राज्यात २००० मध्ये सरकारने गरिबांच्या मातीच्या जमिनींवर सिमेंटचा थर द्यायला सुरुवात केली. घरच्यांनी सामान हलवून जागा तयार करायची, सिमेंट सरकार देणार. शेजारच्या राज्यातल्या, योजना नसलेल्या तशाच वस्त्यांशी तुलना केली. सगळी जमीन सिमेंटची झाली तर मुलांमधले जंत ७८ टक्क्यांनी आणि जुलाब ४९ टक्क्यांनी कमी होतात, असा अंदाज २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. घर तेच, छप्पर तेच, बदलली फक्त जमीन. आपल्या पत्र्याच्या खोलीत सगळीकडे कोबा करणं कदाचित परवडणार नाही. पण जिथे लेकरू रांगतं तेवढ्या जागेत मुरमाचा भराव करून जुन्या घराच्या फरश्या बसवता येतात, कोंबड्या-शेळ्या त्या कोपऱ्यात येणार नाहीत अशी आडकाठी घालता येते. सारवलेली जमीन मलाही आवडते, माझं बालपण तिच्यावर गेलं. तान्ह्या पोराला मात्र मी तिच्यावर सोडणार नाही.

आजींचं ऑपरेशन झालं. तीन महिन्यांनी त्या वॉकर घेऊन तपासणीला आल्या. घरकुल कुठवर आलं, असं मी मुलाला विचारलं. स्लॅब अजून पडायचा होता. पण न्हाणीत फरशी घट्ट बसवली होती आणि लिंबाची बल्ली रोवून दांडी बांधली होती. दांडी थोडी उंच झाली, अशी आजींची तक्रार होती. मी त्यांना उभं करून कमरेची उंची दाखवली. मुलाने खिशातल्या सुतळीने माप घेतलं, गाठ मारली आणि सुतळी पुन्हा खिशात ठेवली.