मनाच्या आजारावरची सरकारी सेवा: आपलं म्हणणं कुठे आणि कसं मांडायचं?



गटाच्या बैठकीत आरोग्याचा विषय निघाला की आपण हिमोग्लोबिन, बाळंतपण, बीपी-शुगर यावर मोकळेपणाने बोलतो. मनाच्या आजाराचं नाव निघालं की मात्र सगळ्या गप्प होतात. फार तर कुणीतरी हळूच म्हणतं, "तिला बाहेरचं झालंय." पण रात्र-रात्र झोप न लागणं, विनाकारण रडू येणं, छातीत धडधडणं, बाळंतपणानंतर बाळाकडेही बघावंसं न वाटणं, जगणंच नकोसं होणं, हे सगळं आपल्या गावात आहे. घरातल्या माणसाची दारू तर आहेच.

२०१५-१६ मध्ये देशातल्या १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण झालं. त्यात दर १०० प्रौढांपैकी १० ते ११ जणांना मनाचा काही ना काही आजार असल्याचं दिसलं. दारूच्या व्यसनात अडकलेल्या दर १०० जणांपैकी ८६ जणांपर्यंत कसलाच उपचार पोचला नव्हता. म्हणजे आजार आहे, पण उपचार दूर आहे. ही सेवा गावाजवळ यावी म्हणून आपण बायका काय करू शकतो, ते या लेखात समजून घेऊ.

कायदा काय म्हणतो?

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ साली झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यातल्या या गोष्टी प्रत्येकीला माहीत हव्यात:

- सरकारी किंवा सरकारी पैशावर चालणाऱ्या दवाखान्यात मनाच्या आजारावर उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला हा उपचार मोफत आहे, त्याच्याकडे कार्ड नसलं तरीही.
- अत्यावश्यक यादीतली मनाच्या आजारावरची औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सर्व सरकारी रुग्णालयांत कायम मोफत मिळाली पाहिजेत.
- दारू आणि नशेमुळे होणारा मानसिक त्रासही या कायद्यात मोडतो. म्हणजे नवऱ्याची दारू हा "तुमच्या घरचा प्रश्न" म्हणून कुणी परत पाठवू शकत नाही. तोही उपचाराचा विषय आहे.
- आजारी माणसाला साखळीने बांधायला कायद्याने बंदी आहे.
- जीव द्यायचा प्रयत्न केलेली व्यक्ती प्रचंड ताणात होती असंच कायदा धरतो आणि तिला शिक्षा करत नाही. उलट तिची काळजी घेणं, उपचार देणं ही सरकारची जबाबदारी आहे. आपल्याकडे "चुकून फवारणीचं औषध पोटात गेलं" असं सांगून गोष्ट दाबली जाते. पोलिसांच्या भीतीने दवाखान्यात न्यायला उशीर करू नका.
- उद्या आपण आजारी पडलो तर आपल्या वतीने कुणी बोलायचं, ते आपण आधीच ठरवू शकतो. साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा केला तरी चालतं. ती व्यक्ती नवरा किंवा सासरचीच हवी असं नाही. बहीण, आई, विश्वासातली मैत्रीण, कुणीही सज्ञान व्यक्ती चालते. तिची मात्र तयारी हवी.

सेवा आहे कुठे?

ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं आपण ऐकून असतो. पण बहुतेकींना तिथपर्यंत जायची गरजच नसते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात जिल्हा पातळीवर मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ता आणि परिचारिका असं पथक असावं लागतं. या पथकाने ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या ठिकाणीही तपासणी करायची असते. उपकेंद्राचं जिथे आयुष्मान आरोग्य मंदिर झालं आहे, तिथल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांच्या कामात मानसिक आरोग्यही येतं. शिवाय १४४१६ हा टेलिमानसचा मोफत फोन ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. दिवसरात्र कधीही लावता येतो आणि मराठीत बोलता येतं.

आता प्रश्न असा की आपल्या तालुक्यात पथक कोणत्या वारी येतं, हे गटातल्या किती जणींना सांगता येईल? आणि आलेल्या दिवशी औषध मिळतं का? वरच्या ऑफिसला हे गावातून कुणी कळवलं नाही, तर कागदावर सगळं ठीकच दिसत राहतं.

लोकांचं ऐकून सेवा सुधारते का?

आपल्याच राज्यातली दोन उदाहरणं बघा.

पहिलं उदाहरण लोकाधारित देखरेखीचं. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००७ पासून अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचा धाराशिव), पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत हे काम सुरू झालं. गावकऱ्यांनी आपल्या उपकेंद्राला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला शाळेतल्या प्रगतिपुस्तकासारखे शेरे दिले. कोणती सेवा चांगली, कोणती बरी, कोणती वाईट. मग जनसुनवाईत ते अधिकाऱ्यांसमोर मांडलं. एकट्या बाईने "औषध मिळत नाही" म्हटलं तर ती तक्रार राहते. गावोगावचे तक्ते समोर आले की अधिकाऱ्याला उत्तर द्यावं लागतं.

दुसरं उदाहरण नाशिक जिल्ह्यातलं आहे आणि ते थेट बचत गटांशी जोडलेलं आहे. २०१३ ते २०१५ या काळात तिथल्या ४१ गावांत 'आत्मीयता' हा प्रकल्प चालला. बचत गट आणि शेतकरी मंडळांतल्या लोकांनाच प्रशिक्षण दिलं गेलं. ते त्रासात असलेल्या माणसाला ओळखायचे, चार-सहा वेळा भेटून नीट ऐकून घ्यायचे, आजार मोठा वाटला तर सरकारी दवाखान्याशी जोडून द्यायचे. पेन्शन किंवा योजनेचा लाभ अडला असेल तर त्यातही मदत करायचे, कारण मनावरचा ताण पुष्कळदा पैशाच्या अडचणीतूनच येतो. हे काम पुढे गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर नेलं गेलं आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली चांगल्या सेवांचा नमुना म्हणून त्याची नोंद घेतली. त्याची सुरुवात आपल्यासारख्याच बायकांपासून झाली, हे लक्षात ठेवा.

कायद्यातही लोकांसाठी जागा ठेवलेली आहे. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणावर आजारातून गेलेल्या व्यक्तींचे, सांभाळ करणाऱ्यांचे आणि सामाजिक संस्थांचे प्रतिनिधी असावे लागतात. उपचारात हक्क डावलला गेला तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे दाद मागता येते. त्या मंडळावरही फक्त डॉक्टर आणि न्यायाधीश नसतात. आजार सोसलेल्या, सांभाळ करणाऱ्या किंवा संस्थेच्या प्रतिनिधींसाठी दोन जागा असतात.

ग्रामसंघाने काय करायचं?

पुढच्या बैठकीत हा विषय घ्या आणि पाच प्रश्नांची उत्तरं लिहून काढा:

१. मनाच्या आजारासाठी जवळचा सरकारी दवाखाना कुठे आहे? जायला-यायला किती भाडं लागतं, किती मजुरी बुडते?
२. पथक कोणत्या दिवशी येतं? गेल्या तीन महिन्यांत किती वेळा आलं?
३. औषध तिथेच मिळतं की बाहेरून विकत आणावं लागतं?
४. तपासताना आजूबाजूला गर्दी असते की बाईला एकटीला बोलता येतं?
५. दारूच्या व्यसनावर उपचार कुठे मिळतात?

यातले दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचे आकडे आशाताईंकडून आणि ग्रामीण रुग्णालयातून विचारून घ्या. अंदाजाने लिहू नका.

हा कागद मग तीन ठिकाणी जाऊ द्या. एक, गाव आरोग्य समितीत. दोन, ग्रामसभेच्या आधी होणाऱ्या महिला सभेत, म्हणजे ग्रामसभेत तो ठराव म्हणून मांडता येईल. तीन, ग्रामपंचायत आराखड्यासाठी आपण दरवर्षी जो गाव दारिद्र्य निर्मूलन आराखडा भरतो, त्यातल्या आरोग्याच्या मागणीत. ठरावाची प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना द्या आणि पोच घ्या. पोच नसेल तर कागद दिलाच नाही असं होतं. प्रभागसंघाने सगळ्या गावांचे कागद एकत्र केले तर जिल्ह्यापर्यंत बोलता येईल.

हे मात्र सांभाळा

या कागदावर कुणाचंही नाव येता कामा नये. "अमक्याच्या सुनेला त्रास आहे" असं बैठकीत बोललं तर संध्याकाळपर्यंत गावभर होतं, आणि ती बाई पुन्हा कधी दवाखान्याची पायरी चढत नाही. नाव न घेता "आमच्या गावातल्या बायकांना सोमवारची गाडी बुडवून जावं लागतं" एवढं लिहिलं तरी मागणी पूर्ण होते.

आपण डॉक्टर नाही. कुणाची गोळी बंद करायला किंवा सुरू करायला सांगू नका. कुणी मरणाची भाषा बोलत असेल तर "नाटक करते" म्हणू नका. तिला एकटी सोडू नका, घरातलं फवारणीचं औषध कुलपात ठेवायला लावा, १४४१६ लावा. काही करून घेतलं असेल तर वेळ न घालवता १०८ बोलवा.

आणि एक गोष्ट आपल्या गटातलीच. एखादी ताई दोन-तीन बैठकांना आली नाही, हप्ता थकला, हिशोबात लक्ष नाही, की आपण दंड लावतो, कधी कधी नाव कमी करायचंही बोलतो. नियम हवेतच. पण नाव कमी करायच्या आधी दोघी जणी तिच्या घरी जाऊन या. हप्त्याचं नंतर विचारा, आधी "झोप लागते का गं?" एवढं विचारा. दवाखाना सुधारायची मागणी आपण करतोच आहोत, पण तिच्या दारापर्यंत जाणारं सर्वांत जवळचं माणूस आजही गटातलीच बाई आहे.

आपल्या दशसूत्रीत आरोग्यही आहे आणि पंचायतीतला सहभागही. या कामात दोन्ही येतात. पाच प्रश्नांचा कागद भरून झाला की एक प्रत प्रभागसंघाच्या ऑफिसात आणून द्या. जिल्ह्याच्या बैठकीत मांडायला आपण तो सोबत घेऊन जाऊ.

तुमची,
क्षेत्र समन्वयक