इंजिन बांधायचं की बदलायचं?

(पिंपळगाव रेणुकाई येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक इंजिनवर काय बोलणार, अशी कुजबुज मघाशी ऐकली. बरोबर आहे. हातात पाना धरणारा माणूस मी नाही. पण मागच्या वर्षी आमच्या घरात या प्रश्नावरून आठ दिवस अबोला होता. तो मिटवायला मला बोलावलं, आणि तेव्हा जे शिकलो ते आज सांगतो.

माझ्या पुतण्याच्या मुलाकडे टर्बो पेट्रोल गाडी आहे. मिरचीच्या पैशातून घेतलेली, हप्ते अजून चालू. उन्हाळ्यात नागपूरहून समृद्धी महामार्गानं जालन्याकडे येत होता. तिथं मर्यादा ताशी १२० ची आहे. तो किती वेगात होता हे मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. वाटेत गाडीची ताकद गेली, मागून निळसर धूर, इंजिन खडखडायला लागलं. गाडी ओढून आणावी लागली.

एका वर्कशॉपनं सांगितलं, अख्खं इंजिन बदला. ओळखीचे मिस्त्री म्हणाले, "सर, निम्म्या पैशात बांधून देतो." बापाचं म्हणणं, आहे तशी विकून टाका. पोरगं म्हणालं, "आबा, तुम्हीच सांगा आता."

मला आठवला मिलिंद राजा. संभाजीनगरचं मिलिंद महाविद्यालय आणि नागसेनवन तुम्ही पाहिलंय, तो हाच मिलिंद आणि हाच नागसेन. भिक्खू नागसेन राजाला विचारतो, तू रथातून आलास, तर रथ म्हणजे काय? चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. शेवटी निघतं ते असं, की सगळे भाग एका रीतीनं जुळले की त्या जुळणीला आपण रथ म्हणतो.

आता हेच इंजिनला लावा. "इंजिन गेलं" हे वाक्यच अपुरं आहे. काय गेलं? पिस्टन, रिंगा, बेअरिंग, क्रँक, हेड, ब्लॉक, टर्बो? यातलं काय राहिलं आणि काय गेलं हे कळेपर्यंत बांधायचं की बदलायचं या भांडणाला अर्थच नाही.

म्हणून पहिली गोष्ट: आधी मोजा. इंजिन न खोलताही पुष्कळ कळतं. आमच्या गाडीत तीन सिलिंडर. कॉम्प्रेशन मोजलं, तर दोन ठीक आणि तिसऱ्यात दाब जवळपास नाहीच. स्पार्क प्लगच्या भोकातून बारीक कॅमेरा सोडला. पिस्टनची कड तुटलेली, सिलिंडरच्या भिंतीवर उभे चरे. ऑइल फिल्टर कापून उघडला. त्यात चकाकणारा चुरा दिसला असता तर बेअरिंगही खाल्लं गेलंय असा अर्थ झाला असता. आमचं नशीब, तो नव्हता.

दुसरी गोष्ट: जे बिघडलंय ते दुरुस्त होण्यासारखं बनवलंय का? माझ्या तरुणपणी कुर्ल्याची प्रीमियर पद्मिनी होती. तिचा ब्लॉक बिडाचा. सिलिंडर झिजलं की लेथवाल्याकडे न्यायचं, पाव मिलिमीटर बोअर वाढवायचा, तेवढा मोठा पिस्टन घालायचा. पुढच्या वेळी अर्धा मिलिमीटर. आजच्या बऱ्याच वेगवान गाड्यांचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा, आत बिडाची पातळ स्लीव्ह किंवा नुसता कठीण लेप. लेप खरवडला गेला की साधा बोअर करून भागत नाही. आणि काही इंजिनांना कंपनी मोठ्या मापाचा पिस्टनच देत नाही. आमच्या गाडीचं नेमकं हेच निघालं. मिस्त्रींचा हात चांगला, पण माप बसवायला पिस्टनच नाही, तर ते तरी काय करणार?

तिसरी गोष्ट पैशाची. समजा, बांधायला एक लाख आणि नव्याला दोन लाख. हे आकडे फक्त उदाहरणाचे आहेत. बांधणं स्वस्त दिसतं. पण बांधलेलं इंजिन पुन्हा बसलं तर वर दोन लाख घालावेच लागणार. ती शक्यता तीनात एक धरली, तर बांधणीचा खरा खर्च पडतो सुमारे एक लाख सदुसष्ट हजार. अजून स्वस्तच. शक्यता दोनात एक झाली की दोन्ही पर्याय सारखे, आणि त्याहून वाढली की बांधणं महाग. म्हणून मिस्त्रीला "किती लागतील?" एवढंच विचारू नका. "परत बसणार नाही याची खात्री किती?" हेही विचारा. आणि इंजिन खोलायच्या आधीच आपला वरचा आकडा ठरवा. एकदा खोललं की "एवढा खर्च झालाच आहे, आणखी थोडा करू" असं माणूस म्हणत जातो.

स्क्रॅपमधलं वापरलेलं इंजिन हा तिसरा रस्ता. स्वस्त पडतं, पण त्याचा इतिहास आपल्याला माहीत नसतो. घ्यायचंच असेल तर त्याचंही कॉम्प्रेशन मोजून घ्या आणि कागद बघून घ्या.

आता चौथी गोष्ट, सगळ्यांत महत्त्वाची. ती मला तिसऱ्या दिवशी रात्री कळली. पोरगं ओट्यावर येऊन बसलं, म्हणालं, "आबा, मी गाडीचं सॉफ्टवेअर बदलून घेतलं होतं. ताकद वाढवायला. पप्पांना सांगू नका."

टर्बो इंजिनात जादा हवा कोंबली जाते. किती कोंबायची, ठिणगी कधी टाकायची, हे सॉफ्टवेअर ठरवतं आणि त्यात सुरक्षेसाठी थोडी जागा ठेवलेली असते. ती जागा यानं वापरून टाकली. गावात काही कळलं नाही, कारण इथं पूर्ण जोर लागतो तो दोन-चार सेकंद. महामार्गावर उन्हात तासन् तास जोर लागला, आतलं मिश्रण नको तेव्हा पेटायला लागलं, आणि त्या हादऱ्यांनी पिस्टनची कड तुटली.

हे लपवलं असतं तर? नवं इंजिन आलं असतं, सॉफ्टवेअर तेच राहिलं असतं, आणि पुढच्या उन्हाळ्यात तेच घडलं असतं. कारण शोधल्याशिवाय बांधणंही फुकट आणि बदलणंही फुकट. मी त्याला एवढंच म्हणालो, "पप्पांना तूच सांग. मी शेजारी बसतो." घरात आवाज चढले, पण अबोला सुटला.

शेवटी मधला मार्ग निघाला. ब्लॉक, क्रँक, पिस्टन जोडून येतात तो नवा शॉर्ट ब्लॉक घेतला. हेड तपासलं, चांगलं होतं, ठेवलं. पिस्टनचा तुकडा एक्झॉस्टमधून टर्बोच्या पात्यांवर आपटला नाही ना, ते बघितलं. इंटरकूलर धुतला. सॉफ्टवेअर मूळचं घातलं. म्हणजे थोडं बदललं, थोडं बांधलं.

एक राहिलं. इंजिनचा नंबर आरसीवर असतो. नंबर बदलला की आरटीओची मंजुरी घेऊन नोंद करावी लागते, नाहीतर विमा आणि विक्री, दोन्हीकडे अडचण. रथ कोणता यावर तत्त्वज्ञ दोन हजार वर्षं वाद घालतायत, आरटीओनं तो ब्लॉकवर नंबर ठोकून मिटवलाय!

(श्रोत्यांतून प्रश्न: सर, आणि ट्रॅक्टरचं काय?)

चांगला प्रश्न. ट्रॅक्टरच्या बऱ्याच डिझेल इंजिनांत स्लीव्ह वेगळी काढता-घालता येते. स्लीव्ह, पिस्टन, रिंगा यांचा संचच मिळतो. ते यंत्र बांधण्यासाठीच बनवलंय. ब्लॉक फुटला नसेल आणि क्रँक मापात असेल तर बांधा, बिनधास्त. पण रेडिएटरचं पाणी का आटलं, एअर फिल्टरमध्ये माती का गेली, ते आधी शोधा. आणि घरातल्या पोराला विचारा. रागावून नाही, ओट्यावर शेजारी बसवून.