छायाचित्र : यंत्राचे की हाताचे?

मी छायाचित्रकार नव्हे. माझे आयुष्य कामगारांच्या सभा, अर्ज, तारखा आणि तडजोडी यांत गेले. शाळा नववीत सुटली; पुढे जे काही शिकलो ते गावच्या वाचनालयात आणि कारखान्याच्या फाटकाशी उभे राहून. तेव्हा ‘चांगल्या छायाचित्राला कसब महत्त्वाचे की महागडा कॅमेरा’ हा विषय व्याख्यानमालेच्या चालकांनी माझ्याकडे द्यावा, याचे मलाही नवल वाटले. परंतु विचार करू लागलो तेव्हा ध्यानात आले की, हा वाद माझ्या रोजच्या ऐकण्यातला आहे. फक्त तो कॅमेऱ्याविषयी नसतो, मागाविषयी असतो.

‘नाचता येईना, अंगण वाकडे’ ही म्हण मालकमंडळींची मोठी आवडती. माग जुना, सुटे भाग झिजलेले, सूत हलके. धागा तुटतो, कापडात दोष पडतो, मजुरी कापली जाते, आणि वर ऐकावे लागते की, तुझ्या हातात कसब नाही. म्हणून ‘कॅमेरा कसलाही असो, घेणारा कलावंत असला की झाले’ असे कोणी म्हणाले की मी जरा सावध होतो. हत्याराला किंमत नाही, असे म्हणणारा बहुधा हत्यारासाठी पैसे काढू इच्छित नसतो. आणि उलट, पैसे टाकले की कसब आपोआप पदरात पडते, असे समजणारेही आपल्या भोवती थोडे नाहीत.

या वादाचा निकाल लावावयाचा तर दूर जावयास नको. आपल्या कोल्हापुरात शंभर वर्षांपूर्वी एक कॅमेरा तयार झाला, त्याची हकीकत पाहू.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री, म्हणजेच आपले बाबूराव पेंटर, यांचा जन्म १८९० सालचा. कलाशाळेची पदवी नाही, काही नाही. ते आणि त्यांच्या नात्यातले बंधू आनंदराव हे दोघे नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. १९१३ साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला आणि या दोघांना चित्रपटाने झपाटले. फाळके यांनी आदल्या वर्षी लंडनला जाऊन विल्यमसन बनावटीचा कॅमेरा आणला होता. या बंधूंजवळ विलायतेला जाण्याइतका पैसा कोठला? तेव्हा कॅमेरा आपणच करावा, असे त्यांनी ठरविले. १९१६ साली आनंदराव वारले. काम अर्धवट राहिले. परंतु बाबूरावांनी ते सोडले नाही. विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने १९१८च्या सुमारास त्यांनी तो कॅमेरा पुरा केला. हेच दामले पुढे प्रभात फिल्म कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झाले.

हे काम केवढे अवघड, हे लेथवर काम करणाऱ्याला चटकन कळेल. इतरांसाठी थोडे उलगडून सांगतो. चित्रपटाच्या कॅमेऱ्यात फीत सारखी धावत नसते. ती थांबते, पडदा उघडतो, एक चित्र पडते, पडदा मिटतो, आणि मिटलेल्या त्या क्षणात नख्या फितीच्या कडेच्या भोकांत शिरून तिला बरोबर एका चित्राइतकी खाली ओढतात. मूकपटाच्या काळी हे सेकंदाला सुमारे सोळा वेळा, आणि तेही हाताने दांडा फिरवून. आता हिशेब पाहा. फितीवरचे चित्र सुमारे २४ मिलिमीटर रुंद. ते बारा फुटांच्या पडद्यावर टाकले म्हणजे सुमारे दीडशे पटींनी मोठे झाले. फीत ओढताना एक दशांश मिलिमीटरची चूक झाली, तर पडद्यावरचे चित्र दीड सेंटिमीटर उडते. सोळा वेळा उडणारे चित्र कोण पाहील? म्हणजे दातेरी चाके, नख्या, दांडे हे सारे कानसून, घासून, पुन्हा पुन्हा जुळवून बसवावे लागले असणार. त्यावर १९२० साली ‘सैरंध्री’ हा चित्रपट निघाला आणि लोकमान्य टिळकांनी बाबूरावांचे कौतुक केले. १९२३च्या ‘सिंहगड’मध्ये तर रात्रीचे प्रसंग कृत्रिम प्रकाशात टिपण्यापर्यंत त्यांची मजल गेली.

आता मला सांगा, येथे कसब कोणते आणि साधन कोणते? ज्या माणसांना साधनाची किंमत वाटत नव्हती, ती इतकी वर्षे कॅमेऱ्यामागे कशाला लागली असती? आणि ज्यांच्या हातात कसब नव्हते त्यांनी तो केला असता कसा? कोरी फीत मात्र परदेशातूनच आणावी लागे. ती काही कोल्हापुरात कानसून होण्यासारखी नव्हती. कसबालाही हद्द असते, ती अशी.

आता आपल्या हातातल्या कॅमेऱ्याकडे येऊ. कॅमेरा स्वस्त असो वा महाग, तो एकच काम करतो : प्रकाश मोजून आत घेतो. उसाला पाणी देणारा माणूस वाफ्याचे दार किती उघडावयाचे आणि किती वेळ उघडे ठेवावयाचे, हे जमिनीचा पोत पाहून ठरवितो. कॅमेऱ्यातही भिंगामागचे छिद्र किती मोठे, ते किती वेळ उघडे, आणि आतील फीत अथवा हल्लीची चकती प्रकाश किती झटकन शोषते, या तीनच गोष्टी. माझ्या तरुणपणी घरात एक डबा कॅमेरा होता. त्याला वेळ बदलण्याची सोय नव्हती. रोलमध्ये बारा फोटो. बारा म्हटल्यावर माणूस तेरा वेळा विचार करी. हल्ली मोबाईल हा हिशेब स्वतःच करतो आणि पुष्कळदा बरोबर करतो.

तो चुकतो कोठे, हे पाहावयाचे असेल तर आपल्याच तालुक्यातील खिद्रापूरला जा. कोपेश्वराच्या स्वर्गमंडपात अठ्ठेचाळीस खांब आणि माथ्यावर उघडे वर्तुळ. भर दुपारी खाली उभे राहून वर कॅमेरा धरला की एक तर आकाश पांढरेफेक होते आणि खांब दिसतात, किंवा आकाश निळे येते आणि खांबांवरचे कोरीवकाम काळ्या भिंतीसारखे होऊन जाते. ऊन आणि सावली यांतील अंतरच इतके की, लाखाचा कॅमेराही तेथे अडखळतो. तेथे उपाय एकच : सकाळी लवकर जावे, किंवा सूर्य कलल्यावर, जेव्हा वरचा आणि आतला प्रकाश एकमेकांच्या जवळ येतात. मी पाहिले आहे की, चार पिशव्या भरून सामान आणलेली मंडळी बारा वाजता येतात, फोटो काढतात आणि नरसोबाच्या वाडीला जेवायला निघून जातात.

मग महाग सामानाचा उपयोग नाही काय? आहे, आणि तो स्पष्टपणे सांगितला पाहिजे. महाग कॅमेऱ्यात प्रकाश झेलणारी चकती ३६ मिलिमीटर लांब व २४ मिलिमीटर रुंद असते. मोबाईलमध्ये ती करंगळीच्या नखाएवढी. अंधुक प्रकाशात, धावत्या वस्तूवर, हा फरक बोलका होतो. कृष्णेच्या पात्रातला पक्षी टिपावयाचा असेल, रात्रीची कुस्ती टिपावयाची असेल, तर लांब पल्ल्याच्या भिंगाला पर्याय नाही. तेथे ‘नजर हवी’ असे सांगणे म्हणजे विळा न देता ऊस तोडावयास पाठविण्यासारखे आहे. परंतु पोस्टकार्डाएवढ्या, म्हणजे सहा इंच बाय चार इंच फोटोला, इंचाला तीनशे ठिपके धरले तरी एकवीस लाख साठ हजार ठिपके पुरतात. साधा मोबाईलसुद्धा त्याच्या कितीतरी पट देतो. जाहिरातीत जे कोटींचे आकडे असतात, त्यांतले बहुतेक आपल्या कधी उपयोगी पडत नाहीत.

आमच्या चळवळीशी नाते सांगणारा एक छायाचित्रकार अमेरिकेत होऊन गेला, लुईस हाइन. पेशाने शाळामास्तर. १९०८ सालापासून तेथील बालमजूरविरोधी समितीसाठी तो गिरण्यांतून, खाणींतून हिंडला. कॅमेरा अवजड, काचेच्या पट्ट्यांचा, प्रकाशासाठी भपकन पेटणारी पूड. फाटकावर अडवतील म्हणून तो कधी विमा एजंट, कधी बायबल विकणारा बनून आत जाई. पोरांची उंची तो आपल्या कोटाच्या गुंड्यांवरून मोजी आणि खिशात हात घालून वय, नाव टिपून घेई. त्याच्या छायाचित्रांतील मुली सूत-यंत्राच्या रांगेत उभ्या आहेत. यंत्र केवढे आणि पोर केवढे, हे एका दृष्टिक्षेपात कळते. हे कळावे म्हणून कोठे उभे राहावयाचे, हे त्याला ठाऊक होते. बालमजुरीवर तेथील टिकाऊ कायदा १९३८ साली झाला. हाइन त्यानंतर दोन वर्षांनी दारिद्र्यात वारला.

आता माझा स्वतःचा अनुभव सांगतो. कारखान्याचे नाव घेत नाही. काही वर्षांपूर्वी एका कामगाराची दोन बोटे दातेरी चाकात गेली. चाकावर झाकण नव्हते. तेव्हा लागू असलेल्या १९४८च्या कारखाने कायद्याच्या कलम २१ प्रमाणे अशा यंत्राला आडोसा असणे बंधनकारक होते. व्यवस्थापनाचे म्हणणे असे की, झाकण होते, यानेच त्या दिवशी काढले. आम्ही लग्नाचे फोटो काढणारा एक चांगला माणूस नेला. कॅमेरा भारी, भिंग त्याहून भारी. फोटो हातात आले तेव्हा पोरे म्हणाली, “आण्णा, लई झ्याक आल्यात.” खरेच सुरेख होते. पट्टी बांधलेला हात, कामगाराच्या डोळ्यांतले पाणी, आणि मागे सारे धुक्यासारखे. भिंगाचे छिद्र पूर्ण उघडले की एकाच अंतरावरची वस्तू रेखीव येते आणि पुढचे-मागचे विरघळते. लग्नात नवरीसाठी हेच हवे असते. आमचे यंत्र त्या धुक्यात गेले. चौकशीत प्रश्न आला, “हे कोणते यंत्र, कशावरून?” आमच्याजवळ उत्तर नव्हते. त्या फोटोग्राफरचा दोष नाही. छिद्र बारीक करून त्याला सारे रेखीव काढता आले असते. काय दिसावयास हवे, हे आम्हीच त्याला सांगितले नव्हते.

पुन्हा आत गेलो तोवर चाकावर नवे झाकण, त्यावर ताजा हिरवा रंग.

तेव्हा खात्यातला एक हेल्पर पोरगा पुढे झाला. अपघाताच्याच दिवशी त्याने आपल्या मोबाईलवर तीन फोटो काढून ठेवले होते. मोबाईल काचेला तडा गेलेला. पहिल्या फोटोत सारे खाते आणि खांबावरचा क्रमांक. दुसऱ्यात यंत्र आणि त्याची क्रमांकाची पाटी. तिसऱ्यात जवळून चाक, शेजारी त्याने फुटपट्टी धरलेली. लहान चकती आणि आखूड भिंग, त्यामुळे पुढचे-मागचे सगळे रेखीव. त्या तिसऱ्या फोटोत झाकणाच्या बोल्टांची चारही भोके दिसत होती, आणि ती जुन्या ग्रीसने व गंजाने पार बुजलेली होती. त्या दिवशी काढलेल्या झाकणाची भोके अशी नसतात.

मी त्याला विचारले, हे असे लांबून, मधून, जवळून काढावे, हे तुला कोणी शिकविले? तो म्हणाला, “२०१९च्या महापुरात घर पडलं, तवा पंचनाम्याला आधी नुसत्या भिंतीचा फोटो दिला हुता. घर कुणाचं ते कळंना म्हणाले. मग पुन्हा दारासकट काढला.”

नुकसानभरपाईची रक्कम तडजोडीने ठरली. आम्ही मागितली त्याहून कमी. तिन्ही फोटो कागदावर छापून संघटनेच्या कपाटात ठेवले आहेत. तो मोबाईल पुढच्या पावसाळ्यात भिजून बंद पडला.